आबांचं रक्त आणि माझा बर्फ

आबांच्या कानांच्या पाळ्या निळ्या दिसल्या तेव्हा मला आधी वाटलं, कसला तरी रंग लागलाय. आबा म्हणजे माझे सासरे. पणदऱ्यात आमचं दूध संकलन केंद्र आहे. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की नवरा तिकडं अडकतो, मग केंद्र मी आणि आबा बघतो. त्या थंडीत दोन आठवडे तापा-खोकल्यानं काढून ते नुकतेच उठले होते आणि मी ओरडत असतानाही गार पाण्यात हात घालून कॅन धूत बसले होते. बोटंही निळी पडलेली. चुलीपुढं बसवलं तर थोड्या वेळात परत होती तशी झाली. हायसं वाटायला हवं होतं, पण माझ्या अंगावर काटाच आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हळूच हाक मारली. "पोरी, लघवी काकवीवानी झालीया. कुणाला सांगू नकोस."

सासऱ्यानं सुनेला हे सांगायचं म्हणजे माणूस किती घाबरला असेल!

शेजारच्या काकू म्हणाल्या, "कुणीतरी केलंया. दिष्ट काढ." मी म्हटलं, "काकू, आधी रक्त तपासू द्या."

गावातल्या डॉक्टरांनी रक्त काढून नळी माझ्याकडं दिली, बारामतीच्या लॅबमध्ये पोचवायला. इथं माझा शहाणपणा नडला. सगळं आयुष्य दुधात गेलेली बाई मी. थंड ठेवलं तर टिकतं, नाहीतर नासतं, एवढंच मला ठाऊक. कुणी न सांगता नळी बर्फाच्या डब्यात रोवली आणि स्कूटी पळवली. लॅबवाला म्हणाला, "नमुना खराब झालाय, परत आणा." मी त्याच्याशी भांडले. दुसऱ्या दिवशी नवीन नळी, दुप्पट बर्फ. पुन्हा तेच! त्यानं नळी तिरकी करून दाखवली. काचेला रव्यासारखे काळपट लाल कण चिकटले होते.

तोवर आबा पांढरेफटक पडले. उंबरा ओलांडताना त्यांना भिंत धरावी लागली. दुपारीच बारामतीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्त चढवावं लागणार, उशीर झाला तर काही खरं नाही. तिथं काढलेली नळीही मी सवयीनं माझ्याच बर्फाच्या डब्यातून रक्तपेढीत नेली. काय म्हणावं मला!

तिथल्या वयस्कर बाईंनी नळी उचलून पाहिली, आबांचे कान निळे पडतात का विचारलं आणि नळी मुठीत धरून बसल्या. माझा जीव टांगणीला. बऱ्याच वेळानं मूठ उघडली तर कण नाहीसे! साधं, वाहतं, लाल रक्त. मग त्यांनी नळी पुन्हा बर्फात ठेवली. माझ्या डोळ्यांदेखत कण परत आले. कुणी हात लावला नव्हता.

"बाई गं! कोण करतंय हे?"

"त्यांचंच अंग," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी समजावलं. ताप आला तेव्हा जंतूंना धरायला अंगानं अँटिबॉडी तयार केल्या. त्या चुकून आबांच्याच तांबड्या पेशींना चिकटत होत्या, तेही गारव्यात; नळीतले कण म्हणजे अशा एकमेकींना चिकटलेल्या पेशी. अँटिबॉडी जिथं बसते तिथं रक्तातली दुसरी फौज धावून येते, कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं, आणि पेशी फोडली जाते. फुटलेल्या पेशींचाच तो काकवीचा रंग. ऊब दिली की अँटिबॉडीची पकड सुटते.

मी खाटेजवळ जाऊन बसले. आबा शांत झोपले होते, आणि आत त्यांचीच राखण त्यांना संपवत होती. ना राग, ना वैर. त्या झोपलेल्या माणसाची मला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून लाजही वाटली.

नळ्या कोमट ठेवून तपासल्यावर रक्तगट जुळला. रक्त गरम करणाऱ्या यंत्रातून थेंब थेंब चढलं. तिसऱ्या दिवशी आबांच्या ओठांवर रंग आला, तेव्हा मला राहवेना. म्हटलं, "आबा, दोन दिवस माझ्यामुळं वाया गेले. मी बर्फ घातला. तुम्ही गेला असता."

ते भिंतीकडं तोंड करून पडले. संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

सकाळी नर्स रक्त काढायला आली. नळी न्यायला कोमट पाण्याचा थर्मास कुठंय म्हणून शोधायला लागली. आबा म्हणाले, "थर्मास कशाला? माझ्या सुनंच्या मुठीत द्या. ती नेती नीट."

रक्तपेढीपर्यंतचा व्हरांडा मी मूठ छातीशी धरून चालले. डोळ्यांना पाण्याची धार. मुठीत त्यांचं रक्त माझ्या हातापेक्षा गरम लागत होतं, आणि वाटेत एकदाही मूठ उघडून बघायचा मला धीर झाला नाही.