नानांचे बर्फावरचे टायर

शिकागोहून नेपरव्हिलला परतणाऱ्या ट्रेनमध्ये होते, तेव्हा सुहासचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. "नाना गेले गं... दुपारी, झोपेतच." शेजारच्या अनोळखी बाईनं काही न विचारता टिश्यू पुढे केला. त्याला आता दीडेक महिना होईल.

नाना माझे सासरे. सासूबाई गेल्या आणि २००५च्या हिवाळ्यात आम्ही त्यांना नागपूरहून इकडे आणलं. बर्फ बघून म्हणाले, "हा गाव आहे का डीप फ्रीझर?" मग खिडकीशी जे बसले ते बसलेच. रोज सकाळी एकच प्रश्न, "सूनबाई, माझं परतीचं तिकीट कधी काढता?" तिकडे त्या रिकाम्या घरात एकटे राहणार, स्वतःपुरतं पिठलं टाकणार... मी चहा पुढे करून विषय बदलायचे.

मागचं तळं गोठलं होतं. शेजारचा जिम रविवारी तिथं रिमोटवरची छोटी गाडी पळवायचा. पळवायचा कसली, गरगर फिरवायचा! नानांनी थोडे दिवस सहन केलं. मग, "अरे, चाकाला पकड नको का?" म्हणत उठले आणि सुहासच्या स्नो बुटांत पाय घालून निघालेच. परतले ते जिमचे टायर घेऊन. बेसमेंटमध्ये बसून बारीक स्क्रू आतून असे पिळले, की टोकं बाहेर यावीत. आतली डोकी टोचू नयेत म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली. सगळा आठवडा तिकिटाचं नाव नाही.

रविवारी पूजा! नवे टायर म्हटल्यावर हळदकुंकू आलंच, आणि चाकाखाली लिंबूही. "हं, चालव," नाना म्हणाले. साधा टायर लिंबू चिरडून पुढे जातो. हा कसला जातोय! टोकांनी लिंबूच उचललं आणि गाडी धडाधड उड्या मारत तळ्यावर तिरकी सुटली. "नाना, इट एट द लेमन!" जिम ओरडला. नाना बर्फावर फतकल मारून हसत होते, अगदी ठसका लागेपर्यंत. सासूबाई गेल्यापासून तो आवाज मी ऐकलाच नव्हता. मी तिथंच उभी राहून रडले, लाज सोडून. लिंबू काढल्यावर मात्र गाडी अशी सुसाट गेली, वळणावर जराही ढळली नाही.

तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या हिवाळ्यांत तळ्यावरच्या सगळ्यांचे टायर आमच्याच बेसमेंटमध्ये यायला लागले. "आता लिंबू फक्त ओवाळतो," नाना म्हणायचे. ठेच लागल्यावर शहाणपण येतंच.

गेल्या शनिवारी जिम दारात उभा. हातात नवे कोरे टायर, नजर खाली. "आय डिडन्ट नो हू एल्स टु आस्क..." मी घेतले. खाली जाऊन नानांच्या टेबलाशी बसले, पहिला स्क्रू पिळला तो थेट बोटात. "आई गं! नाना, हा बघा ना कसा..." म्हणत मागे वळले.

मागे कुणी नव्हतं. पोटभर रडून घेतलं. मग बोट पुसलं आणि दुसरा स्क्रू घेतला. तो सरळ बसला.