पाच तोबऱ्यांची चढण

एपिफानियो सुल्काला किलोमीटर माहीत नव्हते असं नाही, पण रस्ता तो तोबऱ्यांत मोजायचा. गालात कोकाच्या पानांचा तोबरा भरायचा, राखेच्या वडीचा कण लावायचा आणि चालू लागायचं. पानांची चव उतरली की एक तोबरा झाला. नदीकाठच्या वायरापाता गावापासून यानाकासा खिंडीकडे जाणाऱ्या इंकांच्या वेळच्या पायऱ्या त्याच्या आजोबांनीही अशाच मोजल्या होत्या.

आता कुस्कोच्या एका ट्रेक कंपनीला याच वाटेचा आराखडा हवा होता. माचू पिच्चूच्या नेहमीच्या वाटेवर माणसांच्या रांगा लागतात, गिऱ्हाइकं शांत वाट मागतात, असं कंपनीच्या सेन्योरा एल्विरांनी फोनवर सांगितलं. पाच दिवस, आठ गिऱ्हाइकं, सहा खेचरं. रोजची चाल, पाणी, मुक्काम लिहून पाठवा, आणि खेचरांचा मुख्य कोण तेही कळवा.

ते मुख्यपण एपिफानियोला हवं होतं. तीस वर्षं त्याने परक्या वाटांवर दुसऱ्याच्या हुकमाखाली खेचरं हाकली होती. ही वाट त्याच्या गावची होती.

तो सांगत होता, मुलगी रुफिना वहीत लिहीत होती. एक तोबरा म्हणजे पाऊण तास, असं तिने धरलं. पहिला मुक्काम पाच तोबऱ्यांवर, झऱ्याजवळच्या पठारावर. तिथपर्यंत लिहून तिने पेन ठेवलं. बटाट्याच्या काढणीत वरच्या शेतातून खेचर आधी घरी येत होतं आणि बाप मागून, हे तिने पाहिलं होतं. ती एवढंच म्हणाली, की पाठवण्याआधी एकदा चालून पाहू.

"का? वाट लांबली का रात्रीत?" तो हसला. पण सकाळी निघाला.

नदीवरच्या पुलापाशी दोघांनी तीन-तीन पानं साल्कांताय या पर्वतदेवाच्या दिशेने धरून फुंकर घातली आणि एकाच पिशवीतून तोबरे भरले. रुफिना दोन खेचरं घेऊन पुढे झाली. या धंद्यात गिऱ्हाइकं आधी निघतात, खेचरं मागून येऊन त्यांना गाठतात आणि पुढे जातात. गिऱ्हाइकं पोचतील तेव्हा तंबू उभे आणि पाणी गरम असायला हवं.

पहिला तोबरा बसक्या खडकापाशी संपतो, असं वहीत होतं. रुफिना तिथे पोचली तेव्हा पानांची चव नुकतीच उतरली होती. तिने चोथा थुंकला, खेचरांना चरायला सोडलं आणि खाली पाहत बसली. एपिफानियो दिसला तो बऱ्याच वेळाने, गुडघ्यावर हात टेकत. आला, बसला, चोथा थुंकला.

"यंदाचा पाला हलका आहे," तो म्हणाला. "व्यापाऱ्याने जुना मिसळलाय."

चव कुठे उतरली, असं तिने विचारलं. वाकड्या झाडाखाली, तो म्हणाला. ते झाड पूल आणि खडकाच्या मधोमध होतं.

"तुझी?"

बापाचं मन राखायला रुफिनाला काहीही सांगता आलं असतं. पण त्याच्या चालीने खेचरं गिऱ्हाइकांच्या मागे पडली असती, आणि मुक्काम अलीकडे आणता येत नव्हता. मधे आठ माणसांचे तंबू मावतील अशी सपाट जागाच नाही.

"माझी इथे पोचल्यावर, तायता," ती बापाला म्हणाली.

त्याने तिच्या पायाशी पडलेल्या चोथ्याकडे पाहिलं. पिशवी एकच होती. सामान घेऊन या पायऱ्या शेवटच्या कधी चढलो, ते त्याने बोटांवर मोजलं. सतरा वर्षं झाली होती. वहीतले तोबरे त्या वेळच्या पायांचे होते.

"आकडे तेच ठेव," शेवटी तो म्हणाला. "तुझ्या चालीला बरोबर बसतात. मुख्य म्हणून तुझंच नाव घाल."

"बाईला देतील?"

"फोनवर हुकूम सोडणारी बाईच होती ना?"

"आणि तुम्ही?"

"मी गिऱ्हाइकांबरोबर मागून येईन. त्यांनाही धापा टाकायला कोणी सोबत लागतंच."

अशी जागा कंपनीच्या कागदावर नसते, हे रुफिनाला माहीत होतं. तिने मांडीवर वही उघडली आणि मुक्कामाच्या खाली एक ओळ वाढवली: गिऱ्हाइकांसोबत चालणारा, एपिफानियो सुल्का.