भावाचं स्थळ आणि माझ्या पेशी

आमच्या नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धी बातमी ऐकायची आणि उरलेली अर्धी पदरची घालून गावभर सांगायची खोड आहे. पुण्याच्या प्रयोगशाळेत मी काय करते, हे मी त्यांना फोनवर नीट समजावलं होतं. धुळ्यात ते पोहोचलं असं : पोरीने डायबिटीसचं औषध काढलं.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण धाकट्या भावासाठी अमळनेरला मुलगी बघायला गेलो, तेव्हा ते मला भोवलं. भाऊ शाळेत असल्यापासून इन्सुलिनवर आहे. मध्यस्थाकरवी आम्ही ते आधीच कळवलं होतं. लपवाछपवी मला चालत नाही. याआधी एवढ्यावरूनच स्थळं परत गेली होती. भाऊ वरवर हसायचा, मला मात्र दर वेळी संताप यायचा. ही मुलगी त्याला फोटोतच आवडली होती, आणि ते लपवणं त्याला अजिबात जमत नव्हतं.

पोहे झाले. मुलीच्या मामांनी जन्मभराच्या सुयांचा विषय काढला, "मंग सुया बठ्ठा जलम का?"

नानांनी कप खाली ठेवला. "मन्ही पोर शे ना. दोन वरीसमा सुई बंद व्हई जाई."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, भाऊसुद्धा. मी गप्प बसले असते तर लग्न तिथंच ठरलं असतं. पण थापेवर उभा राहिलेला संसार मी माझ्या भावाला देणार नव्हते.

"दोन वर्षांत नाही, मामा," मी म्हणाले. "इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी एकाच्या स्वादुपिंडातून काढून दुसऱ्याच्या शरीरात घालता येतात. पण नव्या जागी त्यांना लगेच रक्त मिळत नाही, म्हणून पहिल्या काही दिवसांतच पुष्कळ मरतात. नव्या सुनेला सासरी कुणी पाणीही विचारलं नाही, तर ती कशी रमायची?"

मुलीची आई हसली.

"म्हणून आम्ही सोबत ग्रोथ फॅक्टर नावाचं प्रथिन देतो. त्याने भोवती नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि जास्त पेशी तगतात. उंदरांत हे आम्हाला जमतंय. माणसांतही जमेल, याची मला खात्री आहे. पण परक्या पेशींवर शरीर उलटतं, तेही सोडवायचंय. कधी होईल ते मी सांगू शकत नाही. तोवर याला सुई लागेल."

मामा नुसतं "बरं" म्हणाले. ते 'बरं' आम्ही आधीच्या घरांतही ऐकलं होतं. नाना माझ्याकडे बघेनात. भाऊ बशीतले शेंगदाणे एका कडेला लावत बसला. मला मात्र बोलल्याचा पस्तावा नव्हता.

आतापर्यंत खाली बघणाऱ्या मुलीने मान वर केली. "ताई, यांची साखर एकदम उतरली तर कसं ओळखायचं?"

"घाम येतो, हात थरथरतात, उगाच चिडतो. लगेच साखर खायला द्यायची."

"आणि सुई?" ती म्हणाली. "तुमच्या पेशी येतील तेव्हा येतील. तोवर सुई द्यायला मला शिकवा."

मला रडूच फुटलं. चारचौघांत गेला की आडोसा शोधून सुई घेणाऱ्या माझ्या भावाने, सगळ्यांदेखत खिशातून इन्सुलिनचं पेन काढलं आणि तिच्या हातात दिलं.