मनूला घेऊन केजच्या छावणीत

"माणसं दुष्काळातून पोरं बाहेर काढतात, आणि तू आत घेऊन चाललायस," माझी आई म्हणाली. रिक्षा दारात येऊन उभी होती. आईनं पाण्याच्या बाटल्या, आमसुलं आणि मेतकुटाची पुडी माझ्या पिशवीत कोंबली आणि मनूचा मुका घेऊन ती घरात निघून गेली. मागं वळून बघितलं तर रडू येईल, हे तिला ठाऊक होतं.

मे महिना होता. माझ्या शाळेला सुट्टी लागली होती. चिपळूणहून पुणं आणि तिथून बीड जिल्ह्यातलं केज, असा आमचा बेत होता. आम्ही म्हणजे मी, सहा वर्षांचा चिन्मय आणि अजून दोन पुरी न झालेली मनू. केजला माझी बायको होती. वैशाली जनावरांची डॉक्टर. सरकारी नोकरीतली तिची पहिली नेमणूक तिकडं झाली होती. आधी ती महिन्या-दीड महिन्यानं घरी येऊन जायची. त्या साली मात्र तिकडं पाऊसच झाला नाही. हिवाळा सरता सरता गुरांच्या छावण्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांच्या रजा थांबल्या. तेव्हापासून वैशाली घरी आली नव्हती.

चिन्मयला आई आठवत होती. एसटीडी बूथवर फोन कानाला लावून तो तिला शाळेतली भांडणं सांगायचा. मनू मात्र फोन चाटायची. आणि एवढ्यात तिनं माझ्या आईला 'आई' म्हणायला सुरुवात केली होती. मी म्हणायचो, म्हणून तीही म्हणायची. हे वैशालीला फोनवर कसं सांगावं, ते मला कळत नव्हतं.

पुण्यात मावसभावाकडं मुक्काम करून सकाळच्या एसटीत बसलो. नगर मागं पडलं तशी खिडकीतली हवा तव्यावरून आल्यासारखी येऊ लागली. जामखेडनंतर बालाघाटाचे डोंगर सुरू झाले. आपल्याकडं डोंगर म्हटला की झाडी आलीच. इथं डोंगराच्या अंगावर फक्त दगड होते आणि पानं झडलेली सीताफळाची झुडपं. लिंबागणेशच्या पुढं एका पुलावर गाडी हळू झाली. खाली कोरड्या वाळूत खड्डे खणले होते आणि बायका त्यांत उतरून वाटीनं घागरी भरत होत्या. चिन्मय बराच वेळ बघत राहिला.

"बाबा, ही नदीच आहे ना?"

"नदीच."

"मग पाणी खाली का गेलं?"

मी त्याला भूगोल सांगायला लागलो, पण तो पुन्हा खिडकीला चिकटला होता.

नेकनूरला धोतर-टोपीतले एक म्हातारे आमच्या शेजारी येऊन बसले. मनू उकाड्यानं किरकिर करत होती.

"कावून रडायलंय लेकरू?" त्यांनी विचारलं. (कावून म्हणजे का म्हणून.)

"गरम होतंय तिला. सवय नाही. आम्ही चिपळूणचे."

"तिकडं लई पाणी म्हणतेत."

"पावसाळ्यात घरात शिरतं," मी म्हणालो.

म्हातारे मनापासून हसले. "मंग उलीसं (थोडंसं) इकडं धाडा की!" असं म्हणत त्यांनी पंच्याची घडी केली आणि केज येईपर्यंत मनूला वारा घालत राहिले.

केजच्या स्टँडवर वैशाली उभी होती. काळवंडलेली, गाल बसलेले. गाडी थांबायच्या आत ती दाराशी आली. चिन्मयनं पायरीवरून थेट तिच्या अंगावर उडी घेतली. मग एका हातानं त्याला धरून तिनं दुसरा हात मनूपुढं केला.

"ये गं माझी चिऊ."

मनूनं तिच्याकडं बघितलं आणि माझ्या मानेत तोंड खुपसून अशी किंचाळली, की स्टँडवरची माणसं वळून बघू लागली.

"अगं, आई आहे ही," मी म्हणालो.

"आई घरी!" मनू ओरडली.

वैशालीनं हात मागं घेतला. "दमलीये ती," एवढंच बोलून तिनं आमची पिशवी उचलली आणि जीपच्या दिशेनं चालू लागली.

छावणी एका सहकारी साखर कारखान्याच्या आवारात होती. ऊसच नव्हता म्हणून त्या हंगामात कारखान्याची धुराडी पेटली नव्हती आणि संचालकांनी मोकळी जागा गुरांना दिली होती. जिथं एरवी उसानं भरलेल्या गाड्या रांगा लावतात, तिथं आता बांबू आणि जाळीच्या मांडवाखाली गाई, म्हशी, बैल बांधले होते. आणि गुरांजवळ त्यांची माणसं. मी छावणी म्हणजे गुरांचं काहीतरी समजत होतो. प्रत्यक्षात ते एक गावच होतं. दावणीच्या मागं चूल, चुलीच्या बाजूला बाज, बाजेला बांधलेली झोळी आणि झोळीत तान्हं मूल. सकाळी दूध संघाची गाडी कॅन घ्यायला यायची, त्यानंतर पाण्याचा टँकर. टँकर आला की बायका भांडी घेऊन धावायच्या आणि पोरं गळक्या नळीखाली डोकी धरायची.

वैशालीला कामगारांच्या चाळीत एक खोली मिळाली होती. आमच्या दारासमोरच सोजरबाईंचा संसार होता. नेकनूरकडच्या एका वाडीतून त्या दोन म्हशी, सून रुक्मिणी आणि तीन वर्षांचा नातू बबल्या यांना घेऊन आल्या होत्या. पहिल्या संध्याकाळी त्यांनी भाकरी आणि येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्यांच्या पिठाची आमटी) आणून दिली. चिन्मयनं एक घास खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागितली.

अंघोळीचा प्रश्न होता. चिपळूणला मनू टपात बसून तासभर पाणी उडवायची. इथं तिला घमेल्यात बसवून तांब्या-तांब्यानं अंघोळ घालायची, आणि घमेल्यातलं पाणी सोजरबाईंच्या म्हशीच्या पाठीवर टाकायचं. मनूला म्हशीची अंघोळ इतकी आवडली, की स्वतःची उरकण्याची तिला घाई व्हायची. सगळ्यांशी तिचं जमलं. बबल्याशी, म्हशीशी, टँकरच्या ड्रायव्हरशीसुद्धा. फक्त वैशालीशी नाही. वैशालीनं भरवलेला घास ती तोंडातून काढून टाकायची. वैशाली जवळ निजली की ती सरपटत माझ्या पलीकडं जायची. छावणीतली माणसं 'डॉक्टरीणबाई' म्हणायची, ते ऐकून ती आपल्या आईला 'बाई' म्हणू लागली. "बाई, जा," एवढंच बोलायची.

वैशालीनं जोर केला नाही. सकाळी उठून ती लाळ-खुरकताची लस टोचायला, पोट फुगलेल्या बैलाला बघायला निघून जायची, दुपारी येऊन मनूसमोर लांबवर बसायची. एकदा तिनं मनूचा फ्रॉक हळूच उचलून नाकाशी धरलेला मी पाहिला.

एका संध्याकाळी दारात बसून ज्वारी निवडताना ती म्हणाली, "मी नोकरी सोडते."

मी वळून तिच्याकडं बघितलं.

"खरंच सांगते. लोकांची वासरं जगवायची आणि आपली पोर आपल्याला 'जा' म्हणते. कशासाठी करायचं हे?"

ही नोकरी मिळवण्यासाठी तिनं काय काय केलं होतं, ते मी बघितलं होतं. पोटात मनू असताना ती मुलाखतीला गेली होती. 'सोडू नकोस' म्हणावं, तर मुलांना मी सांभाळतो आहे आणि ती मात्र इथं एकटी. 'सोड' म्हणावं, तर जीभ उचलत नव्हती.

समोर चुलीशी बसलेल्या सोजरबाईंनी ते ऐकलं होतं. "डॉक्टरीणबाई, मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "आमची रुक्मिण अन् ल्योक दर साली ऊस तोडायला जातेत. बबल्या माझ्यापाशी. ते माघारी आले की ह्यो माझ्या लुगड्यात दडतोय. मंग येतंय हळूहळू."

भाकरी थापता थापता रुक्मिणी खाली बघूनच म्हणाली, "पहिल्या साली लई रडलते मी."

त्या दोघींकडं बघून वैशाली जरा हसली, पण विषय तिनं मागं घेतला नाही.

दोन दिवसांनी, सकाळची ऊन तापायची वेळ. सोजरबाईंनी पोरांच्या हातावर फुटाणे ठेवले होते. मी दाढी करत होतो. चिन्मय आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "बाबा, मनूनं नाकात फुटाणा घातला."

मी साबण लावलेल्या तोंडानंच बाहेर धावलो. मनू बाजेवर बसून नाक चोळत होती. उजव्या नाकपुडीत फुटाण्याची गोल कड दिसत होती. मी बोटानं काढायला गेलो आणि तो आणखी आत सरकला. मनू किंचाळली. आत गेला तर? श्वासात गेला तर? दवाखाना केजला, आणि जीप सकाळीच निघून गेलेली.

"हात नका लावू!" सोजरबाई ओरडल्या. "रुक्मिणे, पळ, बाईंना हाक मार!"

वैशाली आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला एका अडलेल्या गाईचं वासरू ओढत होती. रुक्मिणी पुढं आणि ती मागं, अशा दोघी धावत आल्या. वैशालीचे हात कोपरापर्यंत माखलेले होते. सोजरबाईंनी काही न बोलता आपला पिण्याचा हंडा तिच्या हातांवर रिकामा केला.

वैशाली बाजेवर बसली. मनूला तिनं माझ्याकडून घेतलं, आणि मनू इतकी घाबरलेली होती की 'बाई जा' म्हणायचंही विसरली.

"चिऊ, एक पापा दे मला. मोठ्ठा पापा. आ कर," वैशाली म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, रोजच्यासारखा. तिनं मनूची मोकळी नाकपुडी बोटानं दाबली, तिच्या उघड्या तोंडावर आपलं तोंड ठेवलं आणि एक जोरदार फुंकर मारली.

काही झालं नाही. मनू डोळे विस्फारून बघत राहिली.

"आणखी एक पापा."

दुसऱ्या फुंकरीला फुटाणा फट्कन बाहेर उडाला आणि वैशालीच्या गालाला चिकटला.

मनूनं आईच्या गालावरचा तो ओला फुटाणा पाहिला. नाकाला हात लावून पाहिला. मग तिला हसू फुटलं, अगदी पोटातून. बबल्याही हसायला लागला, चिन्मय हसायला लागला, आणि सोजरबाई पदरानं डोळे पुसत हसू लागल्या. मनूनं दोन्ही हातांनी वैशालीचे कान धरले, तोंड उघडून तिच्या तोंडाजवळ नेलं आणि म्हणाली,

"पलत!"

वैशालीनं परत फुंकर मारली. मग आणखी एकदा. मी भिंतीला टेकून खाली बसलो. माझ्या गालावरचा साबण वाळून कातडी ओढत होता. इतकं हलकं मला कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं.

"हे तुला कुणी शिकवलं?" मी नंतर विचारलं.

"आईनं. माझ्या नाकातला वाटाणा तिनं असाच काढला होता म्हणे," ती म्हणाली. मग एकदम उठली. "अगंबाई, ते वासरू!" वासरू तोवर आपलं आपण बाहेर आलं होतं आणि गाय त्याला चाटत होती.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते कळलं नाही. 'पलत' हा खेळ दिवसातून कितीदा तरी व्हायचा. मनू तिच्या हातचं जेवू लागली. एका दुपारी झोपेतून उठली, डोळे न उघडताच हात लांबवून चाचपडली आणि 'आई' म्हणाली. वैशाली शेजारीच होती. हाक चिपळूणच्या आजीला नव्हती. हात जिथं टेकला तिथंच ती पुन्हा झोपली. वैशाली तशीच, हात अवघडेपर्यंत, न हलता बसून राहिली. नोकरीचं ती पुन्हा बोलली नाही. मीही विचारलं नाही.

निघायचा दिवस आला. सोजरबाईंनी धपाटे (ज्वारीच्या पिठाच्या तिखट-मिठाच्या भाकऱ्या) बांधून दिले. बबल्यानं चिन्मयला गोफण दिली, जी मला पुढं महिनाभर कपाटावर लपवून ठेवावी लागली. केजच्या स्टँडवर गाडी लागली. मी मनूला घ्यायला हात पुढं केले.

तिनं वैशालीच्या गळ्याला मिठी मारली. मी सोडवायला गेलो तशी तिनं किंकाळी फोडली. एक हात सोडवला की दुसरा घट्ट व्हायचा. कंडक्टर दोनदा घंटी मारून थांबला. शेवटी मी तिला ओढून घेतलं आणि गाडीत चढलो. मनू खिडकीच्या गजाला धरून "आई! आई!" म्हणत रडत होती. खाली वैशाली रडत होती आणि हसतही होती. तिनं हाताचा पंजा खिडकीकडं उंच धरला, तो गाडी वळेपर्यंत तसाच होता.

नेकनूर गेलं तरी मनूचे हुंदके थांबेनात. पुढच्या बाकावरची एक बाई वळून म्हणाली, "लई जीव लागलाय की आईवर लेकराचा."

"हो," मी म्हणालो. माझा आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण ती बाई चमकून माझ्याकडं बघू लागली. पोर असं जीव तोडून रडतंय आणि बापाचा चेहरा असा खुललेला का, हे तिला कळेना.

वैशाली पुढं दिवाळीला घरी आली. तोवर तिकडं पाऊस झाला होता, छावणी उठली होती, सोजरबाई म्हशी घेऊन वाडीवर परत गेल्या होत्या. रुक्मिणी पुन्हा ऊस तोडायला गेली, हे वैशालीनंच सांगितलं. त्या बाईला दर साली आपल्या मुलाला नव्यानं जिंकावं लागतं. आम्हाला ते एकदाच करावं लागलं, आणि फुटाण्यानं काम सोपं केलं. दुष्काळात पोरं घेऊन कोण जातं, असं कुणी विचारलं तर मी सांगतो: मी गेलो होतो. आईला न ओळखणारी पोर तिथं घेऊन गेलो, आणि तीच पोर आईसाठी रडत परत आणली. त्या दिवशी परतीच्या एसटीत मनू शेवटी माझ्या मांडीवर भिजलेल्या गालांनी झोपली होती, आणि मी खिडकीबाहेरच्या त्या उघड्या डोंगरांकडं, काळजीतून सुटलेल्या माणसासारखा, बघत होतो.