गडावरची पंगत

सांगलीचा धनपाल मगदूम हळदीचा व्यापार करायचा आणि फावल्या वेळात लढाया मारायचा. कागदावर हो! एरवी हा गृहस्थ मुंगीसुद्धा चुकवून पाय टाकायचा. जैनाचं घर, पाणी गाळून प्यायचं, दिवस मावळला की चूल बंद. पण डोक्यात सदा किल्ले नि तोफा. खपून खपून त्यानं एका गडाच्या वेढ्यावर कादंबरी लिहिली.

तिच्यातलं एक प्रकरण मात्र त्याच्या आईचं. चंदनबालाबाईंची नजर गेलेली. लेक लिहायला बसला की त्या शेजारी बसून विचारायच्या, "लढत्यात त्ये खरं, पर त्यास्नी जेवाय कोण घालतं रं?" शेवटी धनपालनं गडावर पंगत बसवली. काय वाढायचं ते आईनं सांगितलं. भाकरी, मुगाचं वरण, ताक, आणि जिंकल्यावर पुरणपोळी. कांदा नाही, लसूण नाही, आणि अख्खी शिबंदी दिवस मावळायच्या आत हात धुऊन मोकळी! बिचाऱ्याला त्यात काही वावगं वाटलंच नाही. जन्मात दुसरं पाहिलं होतं कुठं?

"छापून आलं की माझी पंगत मला वाचून दाव," आई म्हणाली. त्यानं शब्द दिला.

छापखाना साताऱ्यात, आणि साल त्रेचाळीस. गोरं सरकार युद्धात गुंतलेलं, त्यात इकडं पत्री सरकारनं त्याची झोप उडवलेली. इतिहासाची गोष्टसुद्धा आधी कचेरीत दाखवायची. तिथं तपासायला हंबीरराव बसलेले, हातात लाल पेन्सिल. गोष्टीत कुणी मोगल सुभेदाराला शिवी दिली, तर ती कलेक्टरलाच दिली असं या गृहस्थाला वाटायचं.

"हे काय?" त्यांनी पंगतीवर पेन्सिल आपटली. "सरदार दिवस मावळायच्या आत जेवतो, पखालवालाही आतच जेवतो. का?"

"भूक लागते, साहेब."

"मला शिकवू नका! पत्री सरकारची माणसं दिवेलागणीनंतरच बाहेर पडतात. लवकर जेवा आणि तयार राहा, असा निरोप आहे हा."

हसावं की रडावं, धनपालला कळेना. "साहेब, आमच्यात सगळे असेच जेवतात."

"तुमच्यात! पण शिबंदी मराठ्यांची ना? आमच्या घरी रात्री नवाच्या आत ताट पडत नाही."

आता घ्या! एवढ्या एका बाबतीत स्वारीचं बरोबर होतं.

"यांना रात्री जेवू घाला, नाहीतर पंगत उडवा. मगच शिक्का."

धनपालनं धर्मशाळेत बसून कागदावर मशाली पेटवल्या, पानं मांडली, आणि हात अडला. आईचं वरण अंधारात वाढायचं? आणि ते तिलाच वाचून दाखवायचं? गडी हजारो शत्रू कापून बसला होता, पण हे पाप काही त्याच्यानं होईना. दुसऱ्या दिवशी त्यानं पंगत काढून टाकली आणि शिक्का घेतला.

पुस्तक घरी आलं. दुपारी सोप्यात शेजारीपाजारी जमले. धनपाल वाचत होता, पण सगळं लक्ष आईकडं. वेढा उठला, गड राहिला, गोष्ट संपली. आई अजून कान देऊन बसलेलीच.

"आणि माझी पंगत?"

"सायबानं काढली, आई."

"काढली? मग येवढी माणसं उपाशीपोटी लढली व्हय रं?"

"आमी न्हाई का लढत, रेशनच्या रांगेत!" शेजारचा नाथाजी म्हणाला, आणि सोपा हसला. आई हसली नाही. तिचं तोंड एवढंएवढंसं झालं.

धनपालनं पुस्तक मिटलं आणि तोंडानं सांगायला सुरुवात केली. पानं मांडली, भाकऱ्या आल्या.

"ताक इसरलास," आई म्हणाली.

ताक आलं. मग कुणाला वरण कमी पडलं, कुणी पोळी मागून घेतली. एकेकाला आग्रह करत आई खुलली. नाथाजीनं तर आपल्या नावाचा एक गडीच पंगतीत बसवून घेतला. धनपालची बायको प्रभावती दोनदा दारात आली. "आवं, दिवस कलला. जेवून घ्या की." ऐकतंय कोण!

शेवटच्या गड्यानं हात धुतले तेव्हा सोप्यात अंधार झाला होता. भाकऱ्या टोपलीतच राहिल्या.

"आत्ती, तुमचं जेवण ऱ्हायलं की वं," प्रभावती कळवळून म्हणाली.

"ऱ्हाऊ दे गं," आई म्हणाली. "मी काय, घरात हाय. सकाळी जेवीन. ती पोरं गडावर हुती, ती जेवली न्हवं?"