चावीकाकांचं न तपासलेलं काम

विमानाला कुलूप असतं म्हटलं की लोक हसतात. दुकानात येणारं गिऱ्हाईक हमखास विचारणार, "काय काका, चोर ते खांद्यावर टाकून नेणार का?" आणि चावीकाका मान वर न करता कानस चालवत राहणार. पहिली पाच-सात वर्षं ते समजावून सांगायचे. मग नाद सोडला. ज्याला हसायचंय त्याने हसावं, चावी घ्यावी आणि आपल्या वाटेने जावं.

तर असतं बाबा कुलूप. लहान, चार माणसांचं खासगी विमान म्हणजे जेमतेम एका मोटारीएवढा डबा आणि त्याला पंख. दोन दारं, मागे सामानाचा कप्पा, आणि आत इंजिनाची चावी. चार कुलपं, आणि बहुतेक विमानांना चार वेगवेगळ्या चाव्या. दारांची कुलपं तर अशी लेचीपेची, की काकांच्या घरच्या कपाटाला त्याहून बरं कुलूप होतं. पण इंजिनाचं कुलूप म्हणजे खेळ नव्हे. त्याला पाच खुणा असतात: बंद, उजवं, डावं, दोन्ही आणि चालू. उजवं-डावं म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारी दोन यंत्रं. चावी फक्त 'बंद'वर बाहेर यायला हवी, बाकी कुठेही नाही. कारण या इंजिनाला ठिणगी बॅटरीतून मिळत नाही, ती इंजिन स्वतःच फिरता फिरता तयार करतं. खूण 'बंद'वर नसेल आणि कुणी पुढचा पंखा नुसता हाताने फिरवला, तर इंजिन क्षणात पेटू शकतं आणि पंखा त्या माणसाला जागेवर कापू शकतो. म्हणून काम झालं की काका प्रत्येक खुणेवर चावी ओढून बघायचे. बंद, उजवं, डावं, दोन्ही, चालू. बावीस वर्षं.

शहराबाहेरच्या त्या छोट्या धावपट्टीवर अशी नऊ विमानं होती आणि त्या सगळ्यांची देखभाल मेकॅनिकबाई करायच्या. बाई म्हणजे महा संशयी. दुसऱ्याने आवळलेला बोल्ट त्या स्वतः पुन्हा आवळणार, पुसलेली काच पुन्हा पुसणार. स्वतःच्या नवऱ्याने केलेल्या चहात साखर आहे का, हेसुद्धा आधी चमच्याने बघणार. पण चावीकाकांनी केलेल्या कुलपावर त्या न बघता सही करायच्या. "काकांनी केलंय ना? मग झालं," एवढंच म्हणायच्या आणि वहीत सही. काकांच्या आयुष्यात मिरवण्यासारखं फार काही नव्हतं. एका शटरचं दुकान, दुखरा गुडघा आणि ही सही. महिन्यातून एकदा तरी ते बायकोला सांगायचे, "बाई माझं काम तपासत नाहीत, माहितीये?" बायको म्हणायची, "माहितीये. जेवण गार होतंय."

त्या दिवशी चष्म्याच्या दुकानवाल्या साहेबांचं विमान होतं. साहेबांनी ते मेहुण्याच्या भागीत घेतलं होतं आणि भागीचं जे व्हायचं ते झालं होतं. मेहुणा न सांगता विमान घेऊन गेला, टाकी रिकामी करून आणून ठेवलं, वर आतमध्ये खाण्याचे कागद टाकले. साहेबांनी ठरवलं, बस्स. चारही कुलपांचं आतलं बदलायचं, चारही एकाच चावीवर आणायची, आणि ती चावी मेहुण्याला द्यायची नाही. वहिनी म्हणजे साहेबांची बायको, त्या बादली आणि फडकं घेऊन बाजूला उभ्या होत्या. सख्ख्या भावाला बाहेर ठेवायला कुलूप बदलतंय म्हटल्यावर त्या बोलणार काय? "तुमचं झालं की मी धुऊन घेते," एवढंच त्या म्हणाल्या.

कुलपाच्या आत पितळेच्या बारीक पत्त्या असतात, नखाएवढ्यासुद्धा नाहीत, आणि प्रत्येकीवर नंबर कोरलेला असतो. नंबर जुळले तर चावी फिरते. काकांना ते नंबर हल्ली नीट दिसत नव्हते. तीन आहे की आठ, हे ते पत्ती उजेडात तिरकी धरून अंदाजाने ठरवायचे. साहेब दर भेटीत म्हणायचे, "काका, दुकानावर या, फुकट तपासतो." काका म्हणायचे, "येतो, येतो." जायचे मात्र नाहीत. तेवढं एक काम कमी, असं वाटायचं त्यांना. एकसष्टाव्या वर्षी माणसाला प्रत्येक न केलेलं काम म्हणजे मिळालेली विश्रांती वाटते.

दारं झाली, कप्पा झाला, आणि साहेब जोडचावी घेऊन दुकानावर निघून गेले. इंजिनाच्या कुलपात नवी चावी फिरेना. तीन-आठचा घोळ कुठेतरी झाला होता. सगळं पुन्हा खोलायचं, पत्त्या पुन्हा निवडायच्या, आडवं होऊन गुडघा मुडपून पुन्हा बसवायचं. काकांना अगदी जिवावर आलं. त्यांनी कानस काढली आणि दोन पत्त्यांचं डोकं केसभर घासून टाकलं. दारांच्या कुलपांना ते असं कधीमधी करायचे. चावी लोण्यासारखी फिरली. मग खुणा तपासायला घेतल्या. बंद, उजवं, डावं, दोन्ही. आणि फोन वाजला. कुणीतरी घराबाहेर अडकलं होतं, आत दूध गॅसवर होतं आणि फोनवरचा आवाज रडकुंडीला आला होता. काका उतरले, बाईंना लांबूनच हात केला, बाईंनी वहीत सही केली, आणि काका स्कूटरला किक मारून गेले.

त्या घराचं दार उघडून, करपलेल्या दुधाच्या वासात दोन शब्द ऐकून काका दुकानात आले. बसले. खिशातलं सामान काउंटरवर काढलं. पेन, रुमाल, आणि विमानाची चावी.

ते चावीकडे बघत राहिले. चावी माझ्याकडे आली कशी? मी तर 'दोन्ही'वर होतो. मागे फिरवून 'बंद'वर आणल्याचं काही आठवत नव्हतं. आणि न आणता चावी बाहेर आली असेल, तर घासलेल्या पत्त्यांनी ती अडवली नाही म्हणूनच आली असणार.  वहिनी विमान धुवायला थांबल्या होत्या. पंख्याची खालची पात पुसायची तर तो हाताने फिरवूनच वर घ्यावा लागतो.

त्यांनी बाईंना फोन लावला. बाई कानांवर आवाज अडवणारी टोपणं चढवून कुठल्यातरी इंजिनात डोकं घालून असणार, उचलला नाही. साहेबांनी कापला. वहिनींचा नंबर कधी घेतलाच नव्हता. काकांनी शटर अर्धंच ओढलं आणि निघाले. वीस मिनिटांचा रस्ता. वाटेतल्या प्रत्येक सिग्नलवर ते स्वतःला शिव्या घालत होते, आणि त्या काही सांगण्यासारख्या नव्हत्या.

वहिनींनी विमानाचे पंख धुऊन संपवले होते. खांद्यावर ओलं फडकं टाकून त्या विमानाच्या नाकासमोर, पंख्यापाशी आल्या होत्या.

"वहिनी, पंख्याला हात लावू नका," काका स्कूटरवरूनच म्हणाले. आवाज त्यांना वाटला तेवढा निघाला नाही, पण वहिनी थांबल्या. काका लंगडत आले, दार उघडून आत वाकले. खूण 'दोन्ही'वर होती.

त्यांनी चावी घातली, 'बंद'वर आणली आणि तिथेच सीटवर बसून राहिले.  वहिनींनी विचारलं, "काही राहिलं होतं का?"

आता बघा, इथे काही बोलायची गरज नव्हती. हो, चावी द्यायची राहिली होती, म्हटलं असतं तरी चाललं असतं. उद्या गुपचूप येऊन पत्त्या बदलल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. वहीत सही होतीच. काकांच्या मनात हे आलं, खोटं कशाला बोला. चांगली दोन मिनिटं ते मनात घोळत राहिलं. पण मग त्यांच्या लक्षात आलं की आज फोन वाजला नसता, तरी ह्या पत्त्या आपण घासलेल्याच होत्या.

ते उतरून बाईंकडे गेले. बाईंनी कानांवरची टोपणं काढली. काकांनी सगळं सांगितलं: तीन-आठ, कानस, फोन, 'दोन्ही', वहिनी. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.  त्या हळूच म्हणाल्या, "मी सही केली त्यावर."

"हो."

"न बघता."

"बाई, बाकीची आठही बघूया," काका म्हणाले. "आताच."

दोघं निघाले. बाईंकडे सगळ्या चाव्या टांगलेल्या होत्या. प्रत्येक विमानात काका आत वाकायचे, चावी फिरवायचे, ओढायचे. पहिलं ठीक. दुसरं ठीक. तिसरं, चौथं, पाचवं ठीक. काकांना जरा श्वास आला. सहावं एका निवृत्त मास्तरांचं पिवळं विमान. 'उजवं'वर ओढली, नाही आली. 'डावं', नाही. 'दोन्ही'वर चावी अलगद त्यांच्या हातात आली.

"हे कधी केलं होतं?" बाईंनी विचारलं.

काकांनी खूप आठवून बघितलं. गेल्या वर्षी की त्याआधी? घासल्याचं आठवत नव्हतं. त्यांना वाटत होतं, चूक आज झाली, थकव्याने झाली, गुडघ्याने झाली. चूक किती दिवसांपासून होत होती हे त्यांनाच माहीत नव्हतं. आणि मास्तर दर रविवारी स्वतःच्या हाताने पंखा पुसायचे.

"आठवत नाही," काका म्हणाले. त्यांना फार म्हणजे फार लाज वाटली.

राहिलेली दोन ठीक निघाली. ऊन उतरलं होतं. वहिनी बादली उपडी ठेवून तिच्यावर बसल्या होत्या, मधेच म्हणाल्या, "उद्या दुकानावर या, काका. मी ह्यांना सांगते." काकांनी मानेनेच हो म्हटलं.

"ही दोन नीट करून देतो," ते बाईंना म्हणाले. "यापुढे इंजिनाचं कुलूप मला सांगू नका."

 बाईंनी दिवा ओढून आणला, पत्त्यांची डबी मांडीवर घेतली आणि एकेक नंबर वाचून काकांच्या हातात देत गेल्या. "तीन. हा आठ. हा पुन्हा तीन." दोन्ही कुलपं बसायला तासभर लागला. मग बाईंनी काकांच्या हातातून चाव्या घेतल्या आणि आधी एका, मग दुसऱ्या विमानात स्वतः सीटवर बसल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा. बंद, उजवं, डावं, दोन्ही, चालू. प्रत्येक खुणेवर त्यांनी जोर लावून ओढून बघितलं. दोन्ही विमानांत चावी 'बंद'वरच निघाली.

त्यांनी वही उघडली. सही करायला पेन टेकवलं.

"बाई," दाराशी उभे असलेले काका म्हणाले, "अजून एकदा बघा."