चार्ज

गुडघ्याला पट्टा बांधून मी साताऱ्याच्या घरात पडलो होतो आणि तिकडं सांगलीत माझ्या जागी कुणाला घ्यायचं, यावर खल चालला होता. बास्केटबॉलचा आमचा संघ पगारी. हंगाम अर्ध्यावर आलेला, जागा रिकामी ठेवणं शक्यच नव्हतं. हे मला कळत होतं, म्हणूनच जास्त चिडचिड होत होती.

आमच्या प्रशिक्षक सरांनी दोघांचे व्हिडिओ पाठवले. खाली लिहिलं होतं, 'जागा तुझी, तूच सांग.'

पहिला बंगळूरचा. उंच, लांबून बास्केट करण्यात पटाईत. चेंडू हातात आला की आपले आणखी चौघे मैदानात आहेत हे त्याच्या गावीही नसायचं. त्याचा करार हंगामापुरताच होणार होता. दुसरा मेढ्याचा, फौजेच्या संघातून नुकताच बाहेर पडलेला. माझ्याच उंचीचा आणि माझ्यासारखाच चेंडू पुढं नेऊन दुसऱ्यांना खेळवणारा. फक्त पास देण्याआधी मी मान वळवून बघतो, हा बघतही नाही. कोण कुठं असेल ते त्याला ठाऊकच असतं.

बंगळूरवाला हंगाम संपला की जाणार, जागा पुन्हा माझी. मेढ्याचा एकदा आला की हलणार नाही आणि मी बाकावर. व्हिडिओ बघून माझ्या पोटात दुखत होतं, दुसरं काही नाही.

सकाळपासून कुबडी टेकत येरझाऱ्या घातल्या. टीव्ही लावला, बंद केला. चहा मागितला आणि गार करून ठेवला. सरांचा फोन आला तेव्हा म्हणालो, "बदलीचं संध्याकाळी सांगतो."

आई तांदूळ निवडत होती. "कुठं झाली रं बदली?"

वडिलांच्या फौजेतल्या नोकरीपायी तिनं अर्धा देश पालथा घातलेला. बदली म्हटलं की तिला ट्रंकाच आठवतात.

"माझी न्हाई गं. माझ्या जागी दोघांतला एक येणार हाय. बदली खेळाडू."

"म्हंजी तेच की. मग चार्ज कवा देणार?"

"खेळात चार्ज नसतो, आई."

"आसं कसं? तुझं वडील चार्ज दिल्याबिगर कवा हालले न्हाईत. येणाऱ्याला समदं समजावून सांगायचं, मगच ट्रंक बांधायची." सुपातला खडा तिनं बाजूला टाकला. "दोघांतला कोण घील तुझा चार्ज?"

बंगळूरवाल्याला माझ्याकडून घेण्यासारखं काहीच नव्हतं. तो त्याचा एकट्याचा खेळ खेळला असता.

सरांना फोन लावला. "मेढ्याचा घ्या." त्याचा नंबर मागून घेतला आणि मन बदलायच्या आत तोही फिरवला.

आपला उंच गडी डाव्या बाजूचा पास सोडतो, त्याला उजवीकडंच दे. अमका चिडला की त्याच्याकडं चेंडू नेऊ नकोस. सर ओरडले तरी पाठीमागं बघायचं नाही. आठवेल तसं सांगत गेलो. तो मधूनमधून "व्हय दादा" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "आजून काय, दादा?"

मी आठवून पाहिलं. माझ्याकडं आणखी काहीच नव्हतं.

"एवढंच," म्हणालो आणि फोन ठेवला. कुबडी टेकत दारात जाऊन उभा राहिलो.

"दिलास?" आईनं विचारलं.

"दिला."

"मग आता बस जरा," ती म्हणाली. "चार्ज दिला की तुझं वडील बी आसंच दारात हुबं ऱ्हायचं."